गुंजभर कमी

इतवारी, नागपूर
ता. १२ फेब्रुवारी १९३२

मधुसूदन,

तेरा वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे, तेव्हा सुरुवातीला काय घालावं ते सुचलं नाही. आशीर्वाद आहे असं समज.

तुझं पत्र परवा पोचलं. कन्हानच्या कोळशाच्या खाणीत तू मोठा कारकून झालास, राहायला घर मिळालं, मुलगी सहा वर्षांची झाली, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वसंताला तिकडे पाठवा, कचेरीत उमेदवारीला लावतो, हे वाक्य आलं तेव्हा तिनं पीठ मळणं थांबवलं. मग पुन्हा मळायला लागली.

वसंता येणार नाही. मानमोडीच्या साथीत तुझी बायको पुष्पलता गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. तू त्याला वहिनीच्या मांडीवर ठेवून गेलास आणि तिकडे दुसरा संसार मांडलास. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण सोळा वर्षांचा, हाताशी आलेला पोरगा आता परत मागशील तर ते जमायचं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. वडिलांचं हे दुकान त्याच्याच हातून पुढे चालायचं आहे.

आणि तो हात तू पाहिलेला नाहीस. रव्याचं काम, म्हणजे मोहरीहून बारीक सोन्याचे दाणे ओळीनं मांडून फुंकणीच्या एका झोतात चिकटवायचे, हे सराफ्यात आज तिघेच नीट करतात आणि त्यातला एक वसंता आहे. काम करताना त्याचा श्वास चालू आहे की नाही ते बघावं लागतं.

अंगठीचा विषय तू काढायला नको होतास. तू केलेली अंगठी मी गिऱ्हाइकासमोर मुशीत टाकून वितळवली आणि तू त्याच संध्याकाळी घर सोडलंस. चारचौघांत टाकायला नको होती, हे कबूल. पण दाणे सारखे नव्हते, मधू.

सगळ्यांच्या प्रकृती ठीक. वसंताला मधूनमधून पोटाची तक्रार असते, विशेष काही नाही.

बाबाराव


इतवारी, ता. ६ मार्च १९३२

मधुसूदन,

तुझा शेजारी दादाजी मुलीचे दागिने करायला आमच्याकडे आला काय, आणि घरी जाऊन तुझे कान भरले काय. माणूस म्हणून बरा आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. असो. त्यानं पाहिलं ते खरं आहे. वसंता अफूच्या सरकारी ठेक्यासमोर रांगेत उभा होता. पहिल्यांदा नव्हे.

तू विचारतोस, किती. रोजच्या सहा गुंजा. पोटाची तक्रार लिहिली होती ती याचीच. गोळी चुकली की त्याच्या पोटात पीळ पडतो, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि जांभयांवर जांभया येतात. तुझ्यापासून लपवलं, कारण तू लगेच येऊन त्याला घेऊन गेला असतास. संगत वाईट लागली, दुसरं काय. सराफ्यात सगळ्या प्रकारची पोरं असतात.

पण घाबरण्यासारखं काही नाही. हे काट्याचं काम आहे आणि काट्याच्या कामात मला कोणी शिकवू नये. एकदम बंद केलं तर पोरगा अंथरुणाला खिळेल, म्हणून ठेका बंद, गोळी माझ्या हातून. रोज दुपारी चार वाजता सोन्याचा काटा काढतो. एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात अफू. दर चौथ्या दिवशी पारड्यातली एक गुंज उचलतो. आज चारावर आहे. हिशेबानं होळीला पारडं रिकामं झालं पाहिजे.

वसंता मान डोलावतो. वहिनी त्याला दूध-भात भरवते, जणू तो अजून दोन वर्षांचाच आहे.

बाबाराव


इतवारी, ता. ३१ मार्च १९३२

मधुसूदन,

तीन गुंजांपर्यंत पोरगा हसत उतरला. दोनावर त्याचं हसणं गेलं. एकावर तो चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी म्हटलं, अरे आता राहिलीच किती. तर म्हणतो, "मोठेबाबा, सहाची पाच केली तवा एक गुंज कमी झाली. एकाची शून्य केली तं सारंच जाते. तुमाले ते काट्यात दिसत नाही."

खरंच दिसलं नव्हतं. मग एक गुंज एकदम न काढता तिच्या जागी पारड्यात गहू, मग तांदूळ, मग राळ्याचा दाणा असं केलं. राळ्याचा दाणा तोलताना काटा जेमतेम हलतो. पण पोरगा चार वाजता येऊन पारड्याकडे बघत बसे आणि तो दाणा जिभेवर ठेवला की उठून कामाला लागे. तुझ्या वहिनीनं, जिजाबाईनं, मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्यानं काय होते वो? तो दाणा तं चिमणीले बी पुरत नाही." मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पण होतं खरं.

पहिली गोळी त्याला कोणी दिली हे तू दोन पत्रांत विचारलंस. नत्थूजीनं दिली. आपला जुना कारागीर, तुला आठवत असेल, शेगडीजवळ बसतो तो. त्याला मी बोललो आहे.

बाबाराव


इतवारी, ता. १७ एप्रिल १९३२

मधू,

पाडव्यापासून गोळी बंद आहे. आज अकरावा दिवस. पोरगा सकाळी चार भाकऱ्या खातो, तलावावर पोहायला जातो, वहिनीची चेष्टा करतो. परवा तिची नथ स्वतःच्या नाकाला लावून ओसरीवर बसला होता. मी रागावणार होतो, पण हसू आलं.

फक्त हात थोडा हलतो. चिमट्यात दाणा धरला की दाणा पडतो. येईल हळूहळू पूर्ववत.

तुझी उमेदवारी तुझ्यापाशी ठेव. हे दुकानात राहून जमलं, आता कन्हानची गरज नाही.

बाबाराव


इतवारी, ता. १४ मे १९३२

मधू,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात लिहिलं होतं की वसंता घसरला. दुसऱ्यात लिहिलं की त्याला कोणीतरी घसरवलं. आता सरळ लिहितो.

अक्षय्य तृतीयेच्या आधी तीन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुला ते दिवस माहीत आहेत. एका घरची कुडी अडली होती, त्यावर रव्याच्या दोन ओळी घालायच्या होत्या. नत्थूजीला आता तेवढं दिसत नाही आणि माझी नजरही अधू झाली आहे. वसंता बसला. तीन वेळा ओळ मांडली, तीन वेळा हलली. गिऱ्हाईक बाहेर गादीवर बसून होतं. वसंतानं चिमटा खाली ठेवला.

"हात नाही ऐकून राहिला, मोठेबाबा. आज नोको. चार दिवस द्या मले."

मी माझ्या कनवटीची डबी काढली. त्यातली गुंजभर मोडून त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, आजच्या पुरती.

तो त्या गोळीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. "तुमी देऊन राहिले?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, खा लवकर. त्यानं खाल्ली. अर्ध्या तासात दोन्ही ओळी सरळ आल्या, कुडी गेली, गिऱ्हाईक खूष झालं. मीही खूष झालो, हेही लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी तो ठेक्यासमोर होता. मी भर रस्त्यात त्याला बखोटीला धरून आणलं आणि दुकानात नत्थूजीसमोर, वहिनीसमोर नाही नाही ते बोललो. तुझ्यावरही बोललो. पोरानं भिंतीवरचा काटा काढून माझ्यासमोर ठेवला आणि हात पुढे केला.

"डबी द्या."

"काहून?"

"तुमची रोजची किती आहे ते पाहू द्या. मी खाल्ली तं व्यसन, तुमी खाल्ली तं औषध. असं काहून, ते काट्यालेच विचारू."

मी डबी दिली नसती. पण दारात जिजाबाई उभी होती आणि ती म्हणाली, "द्या ना. सोनार आहा तुमी, मोजाले काहून भेता?"

साडेचार गुंजा भरल्या. मधू, तीस वर्षं मी ती गोळी घेतो आहे आणि एकदाही तोलली नव्हती. आयुष्यभर लोकांचं सोनं राळ्याच्या दाण्यापर्यंत तोललं, आणि स्वतःची गोळी बोटानं मोडून तोंडात टाकत आलो. तिला मी कधी अफू म्हटलंच नाही. आपल्याकडे तिला हाताची गोळी म्हणतात. बापानं मला दिली, त्याला त्याच्या बापानं दिली असेल. हात स्थिर राहतो, म्हणून.

मागे लिहिलं की नत्थूजीनं दिली. गोळी नत्थूजीच्या हातून गेली, हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या घाईत "पोराले द्या का, मालक?" असं त्यानं मला विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती. त्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. संगत वाईट लागली असं मी तुला लिहिलं. ती संगत माझीच.

आता तू काय वाटेल ते लिही. मी वाचीन.

बाबाराव


इतवारी, ता. २० जुलै १९३२

मधू,

तू शिव्या दिल्या नाहीस. नुसतं "आता काय चाललं आहे ते कळवत जा" एवढं लिहिलंस. शिव्या बऱ्या झाल्या असत्या.

चाललं आहे ते असं. दुपारी चार वाजता आता दोघांचा काटा लागतो. आधी त्याची गोळी मी तोलतो, मग माझी तो. अट त्याचीच होती, नाहीतर परत गोळी कमी करायला तो तयार नव्हता. म्हणाला, "एकटा नाही उतरत मी आता."

पोरगा या वेळी सावकाश उतरला आणि आषाढ लागण्याच्या आत शून्यावर आला. मी अजून एका गुंजेवर अडकलो आहे. मला काय होतं ते तुला मोठा भाऊ म्हणून सांगायला लाज वाटते. पाय शिवशिवतात, उकाड्यात थंडी वाजते, आणि उगाच रडू येतं. परवा रेडा दिसला तरी रडू आलं. एकदा मी अंगठ्यानं पारडं किंचित दाबलं, जास्त यावी म्हणून. वसंतानं माझा अंगठा उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा तोललं. वहिनी हसून हसून बेजार झाली. मग पदर डोळ्याला लावून आत गेली.

हे पोरानं मला केलं आणि मी त्याला काय केलं होतं, हे रोज चार वाजता आठवतं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. गोळी सुटली, म्हणजे सगळं झालं असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. घरात, तलावावर, बाजारात पोरगा अगदी ठीक असतो. शेगडीपुढे बसून फुंकणी तोंडात धरली की त्याला घाम फुटतो. म्हणतो, "फुंकणीले तोंड लावलं का जिभेवर तीच चव येते. निखारा दिसला का चार वाजल्यासारखं वाटते." तो जे शिकला ते गोळीसकटच शिकला, आता दोन्ही वेगळं कसं करणार. शिवाय दोन हातांवर नत्थूजी बसतो. त्याचा डबा उघडल्याचा आवाज होतो आणि वसंताची मान वळते. नत्थूजीला सोडायला सांगितलं तर म्हणाला, "मालक, मी आता मसणातच सोडीन." चाळीस वर्षं आपल्याकडे असलेल्या माणसाला मी हाकलू कसं? आणि त्याला हाकललं तरी सगळा सराफा राहतोच. इथे हाताची गोळी प्रत्येक गादीखाली आहे.

मी तीन दिवस विचार केला. दुकान हवं होतं म्हणून मी तुला नाही म्हटलं. पोरगा दुकानासाठी हवा होता की पोरगाच हवा होता, याचं उत्तर मला आधी नीट देता आलं नसतं. आता येतं.

कचेरीतली ती जागा अजून रिकामी आहे का?

बाबाराव


इतवारी, ता. २५ ऑगस्ट १९३२

चिरंजीव मधू,

तुझं पत्र आलं. जागा आहे, आणि तू स्वतः न्यायला येतोस, हे वाचून वहिनीनं चुलीवरचं दूध उतू घालवलं. पोळ्याच्या आधीच ये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, सगळी इतवारी रस्त्यावर असते, आणि ती गर्दी ठेक्यावरूनच जाते. तो दिवस त्याला इथे काढायला लावू नये.

काही गोष्टी लिहून ठेवतो. तू आलास की समोरासमोर मला बोलता येणार नाही.

दुपारचे चार त्याला अजून जड जातात. तेव्हा त्याला रिकामा ठेवू नकोस. इथे तो चार वाजता वहिनीला पाणी भरून देतो, तिकडे तू काही तरी शोध. कन्हानलाही ठेका असेलच. त्याचे खिसे तपासू नकोस, त्यामुळे तो लपवायला शिकेल. त्यालाच विचार, तो खरं सांगतो. खोकला झाला, पोट दुखलं, तर घरातल्या बायकांना आधीच सांगून ठेव की त्याला कसलीही गोळी द्यायची नाही, प्रेमाने तर मुळीच नाही. आणि तो पुन्हा कधी घसरला तर ओरडू नकोस. मी ओरडून पाहिलं आहे. काटा काढ, समोर बस, आणि पहिल्यापासून तोलायला घे. माझा लहान काटा आणि गुंजांची थैली त्याच्या ट्रंकेत ठेवली आहे. ती लागू नये अशी माझी इच्छा आहे.

मी शून्यावर आलो, पंधरा दिवस झाले. हात हलतो. अक्षरावरून तुला कळलंच असेल. आता बारीक काम माझ्याकडून होत नाही, साधे मणी आणि पाटल्या करतो. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली. होऊ देत.

आता एक जुनी गोष्ट. आपल्या बापानं तुलाही गोळी दिली होती, तू पंधरा-सोळाचा असताना. तू तोंडात धरलीस आणि मागच्या नालीत जाऊन थुंकलीस. मी पाहिलं होतं. त्यानंतरही तू रोज थुंकत आलास, हेही मला ठाऊक होतं. म्हणून तुझा हात हलत असे, म्हणून तुझे दाणे सारखे येत नसत. आपल्या घरात एकच हात कोरडा होता, आणि त्याचं काम मी चारचौघांत वितळवलं. तेरा वर्षं मी म्हणत आलो की दाणे सारखे नव्हते. ते कसे असतील?

सोबत पुडी आहे. वसंतानं गेल्या आठवड्यात चांदीची एक अंगठी केली. तुझ्या मुलीसाठी, प्रेमिलासाठी आहे, त्यानं तिला अजून पाहिलेलं नाही. मी त्याला म्हटलं होतं, शेगडीपुढे बसू नकोस. तो म्हणाला, "एक डाव बसू द्या, गोळीबिगर. मंग जातो." दोन दिवस लागले. घामानं सदरा ओला झाला. मधे तीनदा उठून अंगणात गेला आणि तीनदा परत आला. मी जवळ बसून राहिलो.

वरती रव्याची एक ओळ आहे. नऊ दाणे. चौथा खाली गेला आहे, सातवा मोठा आहे, शेवटचा थोडा तिरका बसला आहे. मी भिंगातून पाहिली. मूस तापलेली होती. वसंता माझ्याकडे बघत होता.

पुडी मी माझ्या हातानं बांधली आहे. तू यायच्या आधी पोचली तर प्रेमिलाच्या बोटात घालून बघ, आणि बसली की नाही ते येताना मला सांग.

तुझा
दादा